गाणं गुळमट कशानं होतं, आणि आपला कान खरंच बिघडलाय का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: हल्लीची लोकप्रिय गाणी गुळमट आणि एकसारखी का वाटतात, लोकांची अभिरुची खरोखर घसरली आहे का, आणि स्वतःचा कान तयार करायचा तर नेमकं काय करायचं?

सुरुवात शब्दांपासून करू, कारण तीन निरनिराळ्या दोषांना आपण सरसकट 'फालतू गाणं' म्हणून मोकळे होतो. गुळमट गाण्यात भावना गरजेपेक्षा जास्त ओतलेली असते. सवंग गाण्याला लक्ष खेचायची घाई असते. त्यासाठी द्व्यर्थी शब्द, आरडाओरडा, काहीही चालतं. ठोकळेबाज गाणं साच्यातून काढलेलं असतं: त्यात खटकण्यासारखं काही नसतं आणि लक्षात राहण्यासारखंही काही नसतं. एकाच गाण्यात तिन्ही सापडतील, पण दुरुस्तीच्या जागा वेगळ्या आहेत. गुळमटपणा वाद्यमेळात आणि गायकीत कमी करता येतो, सवंगपणा शब्दांत. ठोकळेबाजपणाला मात्र चालच बदलावी लागते.

जास्त गैरसमज गुळमटपणाबद्दल आहेत. साधं ते गुळमट, हा एक; पुन्हा पुन्हा तेच येतं म्हणून गुळमट, हा दुसरा. अंगाई साधी असते आणि एकच ओळ घोळवते, तरी ती गुळमट असेलच असं नाही. गाणं गुळमट होतं ते त्यातला प्रत्येक घटक एकाच वेळी एकच गोष्ट सांगू लागतो तेव्हा. शब्द दुःखाचे, चाल खाली उतरणारी, व्हायोलिनं तेच सूर धरून रडणारी, गायकाच्या आवाजात हुंदका, आणि या सगळ्यावर तीन सेकंद रेंगाळणारा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. ऐकणाऱ्यानं स्वतः करायचं असं काही उरतच नाही. शब्द दुःखाचे पण ठेका चालता ठेवला, किंवा चाल आर्त पण गायकी कोरडी ठेवली, की दोन घटकांत फट राहते आणि त्या फटीतून ऐकणारा आत शिरतो. खालचा तपशील म्हणजे ही फट कुठे कुठे बुजवली जाते याचीच पाहणी आहे.

चाल आणि कॉर्ड

सर्वांत झिजलेला साचा चार कॉर्डच्या (एकदम वाजणाऱ्या तीन सुरांच्या जुडग्यांच्या) चक्राचा. सरगममध्ये सांगायचं तर सा-ग-प, मग प-नी-रे, मग ध-सा-ग, मग म-ध-सा, आणि पुन्हा पहिल्यापासून. हे चक्र इतकं का चालतं ते सूर समोर मांडले की दिसतं. चारपैकी तीन कॉर्डांत सा आहे, म्हणजे गायक सा धरून उभा राहिला तरी खालची जमीन फारशी हलत नाही. त्यावर चाल बांधताना बहुतेक वेळा सा रे ग प ध एवढेच सूर घेतले जातात. शुद्ध म हा ग ला खेटून आहे आणि शुद्ध नी सा ला खेटून; सप्तकातलं घर्षण या दोन अर्ध्या अंतरांवर होतं. म आणि नी गाळले की उरलेले पाच सूर चारही कॉर्डांवर कसेही टाका, फारसं खुपत नाही. संगीतकाराची मोठीच सोय. पण जिथे चुकायला जागा नाही तिथे सूर नेमका लागल्याचं सुखही नसतं.

या चक्राची दुसरी खुबी शेवटच्या वळणावर आहे. प-नी-रे वरून सा-ग-प वर येताना नी चा सा होतो आणि घरी पोचल्यासारखं वाटतं. म-ध-सा वरून परतताना सा आधीच वाजत असतो, त्यामुळे पोचणं असं जाणवतच नाही. म्हणून हे चक्र कुठेही कापता येतं, कितीही फिरवता येतं, आणि त्याच्यावर मुखडा व अंतरा दोन्ही बसतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांना एक कॉर्ड धरली तर एक फेरी ८ सेकंदांची. तीन मिनिटांच्या गाण्यात २२ फेऱ्या होतात.

मात्र नुसत्या मोजणीवर निकाल देऊ नका. पाखेलबेल या जुन्या जर्मन संगीतकाराच्या सुप्रसिद्ध कॅननमध्ये खर्जातले तेच आठ सूर २८ वेळा येतात, म्हणजे आपल्या हिशेबातल्या गाण्यापेक्षाही जास्त. फरक वरच्या मजल्यावर आहे. तिथे तीन व्हायोलिनं एकच चाल एकापाठोपाठ एक उचलतात, तिचे सूर आधी संथ, मग दुप्पट, मग चौपट गतीनं धावू लागतात आणि पुन्हा निवळतात. खालचं स्थिर असल्यामुळेच वरची हालचाल दिसते. आजच्या ठोकळेबाज गाण्यात खालचंही स्थिर आणि वरचंही स्थिर. तेव्हा गाणं तपासताना 'काय पुन्हा आलं' याबरोबर 'ते परत आलं तेव्हा काय बदललं होतं' हे विचारा. दुसऱ्या अंतऱ्यात एकही नवा सूर, नवं वाद्य किंवा नवी जागा नसेल, तर तो अंतरा लांबी भरायला घातलाय असं खुशाल समजा.

शेवटच्या मुखड्याला अख्खं गाणं अर्धा किंवा एक सूर वर उचलण्याची युक्ती पूर्वी फार चाले. आता कमी झाली आहे, आणि गेली ते बरंच झालं. अर्धा सूर म्हणजे कंपनसंख्येत सुमारे ६ टक्के वाढ, पूर्ण सूर म्हणजे १२ टक्के. यात नवीन कल्पना काहीच नसते. गायक मात्र आपल्या पट्टीच्या वरच्या काठावर ढकलला जातो, आवाजावर ताण येतो, आणि तो ताण ऐकणाऱ्याला भावना वाटतो. उचल खरीच हवी असेल तर ती अंतऱ्याच्या मध्यात घेऊन मुखड्याला मूळ पट्टीत परत यावं. परतीच्या वाटेत संगीतकाराला काहीतरी रचावं लागतं, नुसतं सरकवून भागत नाही.

शब्द

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे यमक फुकटात मिळतं. येते-जाते-गाते, झाले-आले-गेले: या जोड्या जुळवायला कवी लागत नाही. ओळीअखेर क्रियापद हलवून नामावर किंवा विशेषणावर यमक आणलं तर कवीला आशय शोधावा लागतो. स्वतःचं लिहिलेलं तपासायचं असेल तर ओळींचे शेवटचे शब्द तेवढे एकाखाली एक लिहून काढा. निम्म्याहून जास्त क्रियापदं निघाली तर गाणं व्याकरणानं लिहिलंय.

यापेक्षा जास्त नुकसान लघु-गुरूच्या गोंधळानं होतं, आणि त्याकडे जवळजवळ कोणी पाहत नाही. आधी ठेका आणि चाल तयार, शब्द नंतर कोंबायचे, ही पद्धत रुळल्यापासून ऱ्हस्व अक्षर लांब सुरावर सर्रास पडतं. 'दिन' मधला दि दोन मात्रा ताणला की ऐकणाऱ्याला 'दीन' ऐकू येतं; 'सुत' ताणला की 'सूत'. ऐकणाऱ्याला दोष नावानिशी सांगता येत नाही, पण शब्द परके वाटतात. उपाय सोपा आहे: चाल बाजूला ठेवून ओळ बोलण्याच्या लयीत मोठ्यानं म्हणा, जोर पडणाऱ्या अक्षरांवर खूण करा, मग गाताना समेवर आणि लांब सुरांवर कोणती अक्षरं पडतात ते ताडून पाहा. दहापैकी दोन-तीन ठिकाणी तडजोड चालते. सहा-सात ठिकाणी खुणा जुळत नसतील तर शब्द बदला. चालीवर जीव जडला असेल तर निदान सुराची लांबी बदला.

आवाज, ठेका आणि वाद्यमेळ

१९९७ साली अँडी हिल्डेब्रँड यांच्या अँटारेस कंपनीनं ऑटो-ट्यून आणलं. बेसूर सूर गुपचूप जागेवर नेणं हे त्याचं मूळ काम. त्यात 'रिट्यून स्पीड' नावाची कळ आहे: सूर किती झटकन जागेवर ओढायचा ते ती ठरवते. ती शून्यावर नेली की सूर पायऱ्यापायऱ्यांनी तुटतात आणि आवाज यंत्राचा होतो. १९९८ मध्ये शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह' गाण्यानं हाच दोष शैली म्हणून जगभर नेला. तिथे मला काही आक्षेप नाही, कारण तिथे यंत्र यंत्रासारखंच ऐकू येतं. खरी हानी मधल्या वापरात होते, जिथे आवाज 'नैसर्गिक' म्हणून सादर होतो पण प्रत्येक सूर खिळे ठोकल्यासारखा असतो.

मींड असलेल्या चालीत हे लगेच कळतं. रे वरून प पर्यंत आवाज घसरत न्यायचा असतो. झपाट्यानं दुरुस्ती करणारं यंत्र त्या घसरणीच्या चार-पाच पायऱ्या करून टाकतं. दुसरा घोटाळा सुरांच्या जागांचा. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) असतो, पेटीचा आणि सॉफ्टवेअरचा ४०० सेंटवर. हा १४ सेंटचा फरक तयार कानाला स्वच्छ कळतो. गायकानं तानपुऱ्याबरोबर सुरेल लावलेला गंधार यंत्र 'चुकलेला' ठरवून चढवून ठेवतं, आणि मग तानपुरा व गायक एकमेकांशी भांडू लागतात. म्हणून मींडीच्या जागी दुरुस्ती पूर्ण बंद ठेवावी. इतरत्र कळ २० ते ५० मिलिसेकंदांच्या दरम्यान ठेवून फक्त लांब धरलेल्या आणि खरोखर चुकलेल्या सुरांवर ती लावावी. अख्ख्या ध्वनिमुद्रणावर एकच सेटिंग टाकून झोपी जाणं, हा आळस आहे.

ठेक्याचंही तसंच. १२० च्या लयीत एका ठोक्याचा चौथा भाग म्हणजे १२५ मिलिसेकंद. संगणकाच्या ग्रिडवर प्रत्येक आघात या खणात अचूक बसवता येतो. हाडामासाचा वादक दहा-वीस मिलिसेकंद मागेपुढे असतो, आणि ते मागेपुढे असणं अंदाधुंद नसतं: एखादा वादक समेला किंचित उशिरा येतो, भरीच्या आघातांना थोडी घाई करतो, आणि तोच त्याचा झोक. सगळं १०० टक्के क्वांटाइझ केलं, म्हणजे ग्रिडवर खेचून बसवलं, की झोक जातो. त्यात प्रत्येक आघाताचा जोरही १२७ या कमाल आकड्यावर ठेवला की ठेका टंकलेखनासारखा वाजू लागतो. क्वांटाइझचं प्रमाण ६० ते ७० टक्क्यांवर ठेवा, हाय-हॅटचा (ड्रमवरच्या झांजांच्या जोडीचा) जोर ६० ते १०० च्या दरम्यान खालीवर होऊ द्या, आणि लागोपाठचे दोन आघात सारख्या जोराचे ठेवू नका. ड्रम मशीनला सरसकट दोष देण्यातही अर्थ नाही. १९८० च्या रोलँड टीआर-८०८ वर संगीताचे संपूर्ण प्रकार उभे राहिले आणि त्यांत अस्सल कल्पकता आहे. त्या लोकांनी मशीनकडून मशीनचं काम घेतलं.

गुळाचं सर्वांत मोठं ढेकूळ मात्र तंतुवाद्यांच्या पॅडमध्ये, म्हणजे मागे सतत धरलेल्या सुरांच्या अस्तरात असतं. कीबोर्डवरचा 'स्ट्रिंग्ज' प्रीसेट पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत दाबून धरलेला, आणि कॉर्डचे तिन्ही सूर भरलेले. त्याला तीन उतारे आहेत. पॅडमधून कॉर्डचा मधला सूर काढा: सा-ग-प ऐवजी फक्त सा-प वाजवा. मग गंधार शुद्ध की कोमल हे गायकाचा सूर ठरवतो आणि अचानक त्याच्या प्रत्येक गंधाराला वजन येतं. दुसरं, तंतुवाद्यांना गायकाची चाल त्याच सप्तकात वाजवू देऊ नका. एक सप्तक खाली किंवा उलट दिशेनं जाऊ द्या. तिसरं, पहिल्या अंतऱ्यापर्यंत त्यांना आतच येऊ देऊ नका. उशिरा आलेलं वाद्य ऐकू येतं. आधीपासून असलेलं वाद्य फर्निचर होतं.

झालेलं गाणं गुळमट वाटत असेल आणि कारण सापडत नसेल, तर सगळे ट्रॅक बंद करून आवाज आणि एकच वाद्य ठेवा. मग एकेक ट्रॅक परत आणा आणि प्रत्येक वेळी विचारा: हा आला नसता तर कोणती गोष्ट कळली नसती? उत्तर नसेल तर तो बंदच राहू द्या. चाळीस ट्रॅकच्या गाण्यात पंधरा-वीस सहज गळतात. आवाजावरचा रिव्हर्ब तीन सेकंदांवरून दीडच्या खाली आणला, तरी अर्धा गोडवा ओसरतो, कारण शब्दांच्या शेवटची व्यंजनं ऐकू येऊ लागतात आणि गायक जवळ येतो.

मोठा आवाज आणि पहिली तीस सेकंदं

दोन गाणी शेजारी वाजवली आणि एक किंचित मोठं असलं, तर बहुतेकांना तेच 'चांगलं' वाटतं. कारण शरीरातच आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की हळू आवाजात कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की तेच भरीव होतात. यातूनच प्रत्येकानं शेजारच्यापेक्षा मोठं गाणं बनवायची शर्यत सुरू झाली. सीडीवर आवाजाला कमाल मर्यादा आहे, ती ओलांडता येत नाही, म्हणून लिमिटर लावून हळू भाग वर आणायचे आणि उंच आघात कापायचे. शेवटी कुजबुज आणि किंकाळी एकाच उंचीवर येतात. मुखडा आला तरी गाणं मोठं होत नाही, कारण ते आधीच छताला टेकलेलं असतं.

गंमत अशी की आता या शर्यतीत काही मिळत नाही. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) या पातळीवर आणून वाजवतं. गाणं उणे ८ वर दाबून भरलं असेल तर ते ६ डेसिबलनं खाली केलं जातं. मग ते उणे १४ वर मोकळेपणानं मास्टर केलेल्या (शेवटचा हात फिरवून तयार केलेल्या) गाण्याइतकंच मोठं, पण त्याच्यापेक्षा सपाट वाजतं. मास्टरिंग करताना हे लक्षात ठेवा, आणि ऐकणाऱ्यानंही दोन गाण्यांची तुलना करण्याआधी दोन्हींचे आवाज कानानं सारखे करून घ्यावेत. त्याशिवाय केलेली तुलना म्हणजे आवाजाच्या कळीची तुलना.

तीस सेकंदांचा मुद्दा व्यवहाराचा आहे. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं गेलं तरच गाणं एकदा वाजल्याची नोंद होते. साहजिकच जे काही चटकदार आहे ते आधी ओतायचं. अमेरिकेतल्या पहिल्या दहांत आलेल्या गाण्यांवरच्या एका अभ्यासात दिसलं की १९८० च्या दशकाच्या मध्यावर सुरुवातीचं वाद्यसंगीत सरासरी २० सेकंदांहून अधिक असे. २०१५ पर्यंत ते ५ सेकंदांवर आलं. ही सगळी घट नव्या माध्यमांच्या माथी मारता येणार नाही, त्यांच्या आधीपासून ती चालू होती. आणि माध्यमानं गाण्याला कापणं हेही जुनंच: ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपासच संगीत मावे, आणि गाण्याची 'नैसर्गिक' लांबी म्हणून आपण जी मानतो ती तिथून आली. पण आलाप, प्रस्तावना, वाट पाहायला लावणं ही पहिल्या अर्ध्या मिनिटाची कामं होती. वाट पाहिलीच नाही तर येण्याला किंमत कशी येणार?

मग अभिरुची घसरली का?

संगीत बिघडलं ही तक्रार प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्येही आहे, तेव्हा तक्रार जुनी आहे एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही आणि खरीही ठरत नाही. मोजमापं काय सांगतात ते पाहू. २०१२ मध्ये सेरा आणि सहकाऱ्यांनी १९५५ ते २०१० मधली साडेचार लाखांहून जास्त ध्वनिमुद्रणं संगणकानं तपासली. सुरांवरून सुरांवर जाण्याच्या वाटा कमी झाल्या, वाद्यांचे रंग एकसारखे झाले आणि आवाज मोठा झाला, असा निष्कर्ष निघाला. तक्रार करणाऱ्यांना तो फार आवडला. २०१५ मध्ये माउख आणि सहकाऱ्यांनी १९६० ते २०१० दरम्यान अमेरिकेच्या बिलबोर्ड क्रमवारीत आलेली सुमारे १७ हजार गाणी तपासली. त्यांना सतत एकसारखेपणाकडे जाणारी घसरण दिसली नाही. दिसल्या त्या १९६४, १९८३ आणि १९९१ च्या सुमारास झालेल्या तीन मोठ्या उलथापालथी आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्याला वैविध्यात पडलेला एक खड्डा, जो पुढे भरून निघाला. दोघांनी वेगळी गाणी घेतली आणि वेगळ्या गोष्टी मोजल्या. म्हणून 'शास्त्रानं सिद्ध झालंय' असं म्हणत एकाच अभ्यासाचा दाखला देणाऱ्यापासून जरा सावध राहा.

जुनं ते सोनं वाटण्यामागे चाळणी आहे. १९६९ साल घ्या. त्या वर्षी बीटल्सचा 'ॲबी रोड' आला, आणि त्या काळाचं संगीत म्हणून आज तोच आठवतो. पण त्या वर्षाच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकाचं गाणं होतं 'शुगर, शुगर', आणि ते आर्चीज नावाच्या कार्टूनमधल्या काल्पनिक बँडच्या नावावर होतं. म्हणजे गूळ तेव्हाही पहिल्या नंबरवर होता. कोणत्याही दशकाशी आजची तुलना करायची तर त्या दशकातल्या एखाद्या आठवड्याची अख्खी यादी काढा आणि पहिली वीस गाणी ओळीनं ऐका, निवडलेली नव्हे. हा प्रयोग तासाभरात बहुतेकांचा सूर खाली आणतो.

वयाचाही हात आहे. होलब्रुक आणि शिंडलर यांच्या १९८९ च्या अभ्यासात लोकांची पसंती साधारण साडेतेविसाव्या वर्षी लोकप्रिय असलेल्या गाण्यांवर सर्वांत जास्त स्थिरावलेली दिसली. चाळिशीतला माणूस 'आमच्या वेळची गाणी' म्हणतो तेव्हा तो संगीताइतकाच स्वतःच्या तेविशीबद्दल बोलत असतो.

आणि लोकप्रियता म्हणजे अभिरुची नव्हे. सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी २००६ मध्ये १४ हजारांहून अधिक लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना इतरांनी किती वेळा गाणं उतरवून घेतलं ते दिसत होतं, काहींना नाही. आकडे दिसणाऱ्यांचे आठ वेगळे गट होते, आणि गटागणिक वेगळी गाणी वर गेली. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्या सगळ्यांचं काहीही झालं. पहिल्या क्रमांकाच्या गाण्यावरून समाजाच्या कानाची परीक्षा करणं म्हणूनच घाईचं आहे.

माझं मत विचाराल तर गाण्यात काही गोष्टी खरोखर गरीब झाल्या आहेत: हळू-मोठ्यातला फरक, कॉर्डची चाल, प्रस्तावना, आणि शब्दांची लघु-गुरूची शिस्त. काही श्रीमंत झाल्या आहेत: खर्जाचा दर्जा, आवाजांचे पोत, ठेक्याचे थर. जुन्या कानाला पहिल्या यादीतलं नसणं लगेच ऐकू येतं, दुसऱ्या यादीतलं असणं ऐकायला तो शिकलेलाच नसतो. घसरण मला दिसते ती ऐकण्यात. गाणं आता बहुतेक वेळा दुसरं काहीतरी करताना वाजत असतं, आणि पाठीमागे वाजणाऱ्या गाण्यातलं फक्त मोठं, सारखं आणि गोड तेवढंच कानापर्यंत पोचतं.

कान तयार करायची पद्धत

फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐकू नका. खालचा खर्ज त्यातून येतच नाही, आणि खर्ज नसेल तर कॉर्ड कशी बदलली हे कळायचा मुख्य आधार जातो. साधे, कान झाकणारे हेडफोन पुरतात. आवाज बेताचा: जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगते, आणि आवाज जितका वाढवाल तितके हे तास झपाट्यानं आटतात.

एक गाणं घ्या, सलग तीनदा ऐका, हातात दुसरं काही नको. पहिल्या वेळी फक्त खर्ज ऐका आणि तो गुणगुणायचा प्रयत्न करा. दुसऱ्या वेळी चाल, शब्दांशिवाय. तिसऱ्या वेळी दर दहा सेकंदांनी काय नवीन आलं किंवा काय गेलं ते कागदावर लिहा: 'घुंगरू आले', 'ठेका थांबला', 'आवाज दुहेरी झाला'. तीन मिनिटांच्या गाण्याच्या अठरा ओळी होतात. त्यातल्या दहा-बारा कोऱ्या राहिल्या तर गाण्याचं पाणी उथळ आहे, किंवा तुमचं लक्ष उडालं होतं. कोणतं ते चौथ्यांदा ऐकल्यावर कळतं.

अंदाजाची चाचणी यापुढची. न ऐकलेलं गाणं ओळ संपायच्या जरा आधी थांबवा आणि सांगा: यमक काय असेल, चाल वर जाईल की खाली, ठेका काय करील. दहा वेळा करा. आठ-नऊ अंदाज बरोबर आले तर गाणं साच्यातलं. एक-दोनच आले तर ते परक्या परंपरेतलं आहे, त्यावर अजून मत देऊ नका. चार ते सहाच्या दरम्यानचं गाणं बहुधा टिकतं, कारण फार ओळखीचं कंटाळवाणं आणि फार अनोळखी त्रासदायक, हा कल बर्लाइन या मानसशास्त्रज्ञानं मांडला आणि तो बऱ्यापैकी खरा उतरतो.

परक्या संगीतासाठी दोन आठवड्यांत पाच वेळा ऐकणं ठेवा, मध्ये निदान एक दिवस सोडून. पहिल्या दोन वेळांचं मत नोंदवा पण विश्वास ठेवू नका. नुसत्या परिचयानं आवड वाढते हे झाय्न्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं, आणि गुळमट गाणं दिवसाला दहा वेळा कानी पडल्यावर आवडू लागतं ते याच नियमानं. तोच नियम आपण मुद्दाम, निवडून वापरायचा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे एकदम बारा अनोळखी रचनांची यादी लावणं: प्रत्येक एकदाच ऐकली जाते, एकही ओळखीची होत नाही, आणि माणूस 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून जुन्या प्लेलिस्टवर परततो. एका वेळी दोन रचना पुरेत. शिफारशी देणारं अल्गोरिदम या पंधरवड्यात बंद ठेवा, कारण ते तुम्ही काल ऐकलेल्यासारखंच उद्याही वाढतं.

दुसऱ्याचा कान बदलायचा असेल, विशेषतः घरातल्या तरुण माणसाचा, तर त्याच्या आवडत्या गाण्याला नावं ठेवून काहीही साधत नाही. ते गाणं त्याच्याबरोबर बसून पूर्ण ऐका आणि त्यात त्याला नेमकं काय आवडतं ते विचारा: ठेका, आवाज, शब्द की नाच. मग तीच गोष्ट तशीच ठेवून एकच घटक बदललेलं गाणं शोधा. ठेका आवडत असेल तर मिनिटाला पाच ठोके इकडेतिकडे असलेलं, त्याच जातीच्या ठेक्याचं, पण कॉर्ड खरोखर चालतात असं. आवाज आवडत असेल तर त्याच गायकाचं कमी वाद्यांतलं, शक्यतो रंगमंचावर थेट गायलेलं ध्वनिमुद्रण. दोन घटक एकदम बदलले की ते गाणं परकं होतं आणि दहाव्या सेकंदाला पुढे ढकललं जातं. आठवड्याला एकच गाणं द्या, त्याबद्दल काही सांगू नका, आणि ते पुन्हा आपणहून लावलं गेलं तरच पुढचं शोधायला घ्या.